साबुदाण्यावर पारखलेलं यंत्र

आमच्या घरात सात महिने एकाच गोष्टीवरून भांडण चाललं होतं, की गारा लोटायला यंत्र कुठलं घ्यायचं. सौदी अरेबियात. मी हे नाशिकच्या माझ्या बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती फार मायेनं म्हणाली, "तू थोडे दिवस इकडे येऊन राहा."

तिचा काय दोष? सौदी म्हटलं की लोकांना वाळू आणि उंटच दिसतात. ताइफ डोंगरावर आहे आणि इथे वसंतात अशा गारा पडतात की वीस मिनिटांत रस्ता पांढरा होतो. मग गावातली अर्धी माणसं कॉफीचे थर्मास घेऊन वर फोटो काढायला येतात. ज्यांना तो रस्ता मोकळा करायचा असतो त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

तो रस्ता मोकळा करणं आमच्याकडे होतं. माझे सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, तेवीस वर्षांपूर्वी नाशिकहून शेतकीची पदविका घेऊन इथे आले. आमच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही इथे राहतो त्या सौदी मालकाची, डोंगरावर चौदा दगडी बंगल्यांची वस्ती आहे. जेद्दाचा उकाडा सोसवेना की माणसं तिथे येऊन राहतात. तिथली सगळी बाग बाबांनी उभी केली, आणि बंगल्यांच्या खालच्या उतारावर गुलाबाची सात खाचरं. मग मुलगा हाताशी आला, सून आली, सहा कामगार आले आणि आमचा बागकामाचा धंदा झाला. परवाना कफीलच्या नावावर आणि घाम आमचा. माझ्याकडे फोन, कागदपत्रं आणि पिकअप. गाडीचं लायसन्स मी काढलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "कशाला उगाच?" आता खत आणायचं असलं की तोच किल्ली माझ्या हातात देतो.

गेल्या खेपेला गारा पडल्या तेव्हा आमची पुरती शोभा झाली. कामगार फावडी घेऊन धावले, पण चढाचा रस्ता लांब. लोटलेल्या गारा घसरत खाली फाटकाशी साचल्या आणि गटाराच्या जाळीवर त्यांचा बांध झाला. मागून आलेलं पाणी वळलं ते थेट गुलाबांत. दोन खाचरांतली माती वाहून गेली. वरच्या बंगल्यांत एक वरपक्ष अडकला होता, त्यांची बस चार तास हलली नाही आणि जेद्दात मुलीकडचे लोक जेवणाची ताटं झाकून बसले. कफीलला पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागली. तो एरवी बाबांना भावासारखं वागवतो, पण त्या दिवशी म्हणाला, "पुढच्या वेळी एका तासात रस्ता मोकळा हवा. नाही झाला तर खलास. बाग जेद्दाच्या कंपनीला देईन."

खलासचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळत होता. आम्हाला दुसरीकडे काम मिळालं असतं, पण चौसष्टीच्या माणसाला नवा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कोण देणार? बाबांना चंबूगबाळं आवरून नाशिकला जावं लागलं असतं आणि त्यांची खाचरं दुसऱ्या कुणीतरी उपटून तिथे प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली असती. त्या आठवड्यात बाबा दोन वेळा जेवणावरून अर्ध्यात उठले, आणि मला त्याचा फार त्रास झाला. मला ते इथे हवे होते. माझ्या स्वतःच्या वडिलांशी मी आयुष्यात कधी धड भांडले नाही. या माणसाशी अकरा वर्षं रोज भांडत होते.

म्हणून यंत्र. नवऱ्यानं कॅनडातल्या एका दाढीवाल्याचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. तो दाढीवाला अंगणात एक लाल यंत्र ढकलत चालतो, यंत्राच्या तोंडात पाती गरगर फिरतात, ती बर्फ गिळतात आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकतात. चहा पिताना दाढीवाला, पोळी खाताना दाढीवाला. मी एकदा विचारलंसुद्धा, "याची बायको याला घरात घेत नाही का, सारखा अंगणातच असतो?"

बाबांना यंत्रंच नको होती. त्यांना केणी हवी होती. शेतात ढेकळं ओढून जमीन सपाट करायला बैलांमागे जे लोखंडी सूप लावतात, ती केणी. बाबांच्या लहानपणी त्यांच्या शेतात ती होती आणि तिच्यात कधी काही बिघडलं नाही, असं ते सांगत. बिघडायला तिच्यात होतं तरी काय? त्यांनी एक पिंप उभं कापून घेतलं, त्याला साखळदंड लावले, पिकअपच्या मागे बांधलं आणि रस्त्यावर वाळू टाकून मला गाडी काढायला सांगितली. दहा पावलं गेलो आणि खाडकन आवाज झाला. केणीनं वाळूबरोबर रस्त्याचे तीन पेव्हर ब्लॉक उपटून आणले होते.

"ब्लॉकच कच्चे बसवलेत," बाबा म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मागे उभ्या असलेल्या सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि नंतर मला वाटीभर शिरा जास्त मिळाला.

शेवटी आम्ही चौघं जेद्दाला निघालो. गावाबाहेर जुन्या-नव्या यंत्रांचं एक आवार आहे, तिथे नवऱ्यानं फोनवर चौकशी केली होती. आईंना, म्हणजे सासूबाईंना, यंत्राशी कर्तव्य नव्हतं. त्या जेद्दातल्या अझीझिया पेठेतून किराणा आणायला म्हणून आल्या होत्या, निदान सांगितलं तरी तसं. तेवीस वर्षांत त्यांनी बागेच्या कामात एकदाही तोंड घातलं नव्हतं. नाशिकच्या फ्लॅटला पडदे कुठले लावायचे, एवढाच त्यांचा विषय. पडदे दोन वेळा शिवून झाले होते. फ्लॅट रिकामाच होता.

आवारातला विक्रेता हैदराबादचा निघाला. गोड बोलणारा, अत्तर लावलेला. त्यानं ताडपत्री ओढली आणि खाली दाढीवाल्याचं लाल यंत्र. कुठल्याशा मॉलमधल्या बर्फाच्या खेळघरासाठी मागवलेलं, तिथे लागलं नाही म्हणून परत आलेलं. नवऱ्याचा चेहरा मी लग्नाच्या दिवशीसुद्धा तसा पाहिला नव्हता.

"भाभीजी, लाइफटाइम की चीज़ है," विक्रेता म्हणाला. कुणाच्या लाइफटाइमची, ते त्यानं सांगितलं नाही.

गडी तयारीचा होता. मासळीवाल्याकडून त्यानं बर्फाचा चुरा आणून ठेवला होता. तो जमिनीवर पसरला, दोरी ओढली, यंत्र घुमलं आणि चुरा असा सुरेख उडाला की मलाही क्षणभर मोह पडला. नवऱ्यानं खिशात हात घातला. बाबा लांब तोंड करून उभे. तेवढ्यात सावलीतल्या खुर्चीवरून आई म्हणाल्या, "हा बर्फ झाला. गारा कुठायत?"

सगळे वळले.

"गार पडली की पहिली पाच मिनिटं मोकळी असते," आई म्हणाल्या. "मग सुटते. वरून पाणी, खालून पाणी, मध्ये कणी. जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखं होतं. मी तेवीस वर्षं माझ्या ओट्यावरच्या खिडकीतून बघतेय. या यंत्रात भिजलेला साबुदाणा घालून बघा."

"आई, काहीतरीच काय," नवरा म्हणाला. पण मला ते एकदम पटलं, आणि खरं सांगायचं तर नवऱ्याचा हात खिशातून बाहेर यायच्या आत काहीतरी करायलाच हवं होतं. मी पिकअप काढली आणि आईंना घेऊन अझीझियात गेले. तिथल्या दुकानदाराकडे साबुदाण्याचं एक पोतं होतं. चांगला साबुदाणा यंत्रात घालायला आई मुळीच तयार होईनात. अन्नाचा अपमान म्हणजे अपमान, मग ते ताइफ असो की नाशिक. त्यांनी दुकानदाराची अशी काही उलटतपासणी घेतली की त्यानं मागच्या खोलीतलं दमट, पोरकिडे झालेलं, टाकून द्यायचं पोतं स्वतः उचलून आमच्या गाडीत ठेवलं. आवारात परत येऊन आम्ही ते घमेल्यांत भिजत घातलं आणि जेवून आलो. विक्रेत्याला वाटलं ही काही पूजा आहे. तो अदबीनं चपला काढून उभा राहिला.

दुपारी तीनच्या सुमारास साबुदाणा चांगला गिच्च झाला. तो जमिनीवर पसरला. नवऱ्यानं दोरी ओढली आणि दाढीवाल्याच्या थाटात यंत्र पुढे ढकललं. यंत्रानं पहिला घास गिळला. दुसरा गिळला. मग त्याच्या पोटातून उचकीसारखा आवाज आला, नळकांडं थरथरलं आणि चिकट पांढरा गोळा विक्रेत्याच्या ऑफिसच्या काचेवर जाऊन बसला. दुसरा नवऱ्याच्या छातीवर. त्यानंतर यंत्र बंद पडलं ते पडलंच. पात्यांना साबुदाणा असा धरला होता की स्क्रू ड्रायव्हरनं उकरायची वेळ आली.

आईंनी त्या साबुदाण्याला हात जोडले, चुकलं माकलं म्हणून पुटपुटल्या आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसल्या. कुठून कोण जाणे, पन्नास-साठ कबुतरं मात्र उतरली. त्यांची चंगळ झाली.

नवऱ्याचा शर्ट पुसायला फडकं शोधताना मला कोपऱ्यात ते पातं दिसलं. पिवळं, धुळीनं माखलेलं, पिकअपच्या तोंडाला लावायचं. थंड देशातलं बर्फ लोटायचं पातं, पण कुणीतरी ते रस्त्यावरची वाळू लोटायला आणलं होतं. खालच्या कडेला रबराची जाड पट्टी, म्हणजे ब्लॉक उपटायची भीती नाही. मागे दोन दणकट स्प्रिंगा. वाटेत दगड आला की पातं पुढे झुकतं आणि दगड ओलांडला की पुन्हा ताठ. त्याची पुस्तिका मी उभ्या उभ्या वाचून काढली. मग ते गाडीला लावून उरलेल्या साबुदाण्यावरून फिरवलं. उलथन्यानं तवा खरवडावा तशी जमीन लख्ख झाली. कबुतरं फार नाराज झाली.

बाबा गुडघ्यावर बसून पातं निरखत होते. "रबर झिजलं तर?" त्यांनी विचारलं.

"कारखान्यात सामान वाहून न्यायचे पट्टे असतात, त्यातला जुना तुकडा कापून बसवायचा," मी म्हणाले.

"स्प्रिंग तुटली तर?"

"दोन जास्तीच्या मागून घेतल्यात."

"हा घरी नसला तर लावणार कोण?"

"मी. चार खिळी आहेत, बाबा. चार खिळी लावायला नवरा लागत नाही."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सरळ गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, रागावले. मी पैसे मोजून पातं घेतलं. नवराही रागावलेलाच होता. ताइफला चढणाऱ्या हदाच्या घाटातली सगळी वळणं आम्ही मुक्यानं चढलो, फक्त आई मध्येच एकदा, "माकडं बघा किती लठ्ठ झालीत," असं म्हणाल्या.

त्यानंतर मी रोज सकाळी वाळूवर सराव केला. पातं कुठल्या बाजूला तिरकं करायचं, चढावर कुठे वेग सोडायचा, गटाराच्या जाळीपासून किती लांब ढीग करायचा. बाबा येऊन चुका काढत. पहिल्या आठवड्यात रोज दहा, मग पाच, मग ते यायचेच बंद झाले. मला वाटलं, कंटाळले.

आणि एप्रिलात, गुलाबांची तोडणी संपत आलेली असताना, भर दुपारी आभाळ काळं झालं. नवरा खत आणायला जेद्दाला गेला होता. आयत्या वेळी नसणं ही त्याची खासियत आहे. पत्र्यावर असा तडतडाट झाला की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. वीस-पंचवीस मिनिटांनी थांबलं तेव्हा चढाचा रस्ता वीतभर पांढरा झाला होता आणि वर चौदाचे चौदा बंगले भरलेले. मी पातं गाडीला लावायला धावले. चौथी खीळ हातातून दोन वेळा पडली.

कामगार फावडी घेऊन जाळीवर धावले. बाबाही तिथेच जातील असं मी धरून चालले होते. पण त्यांनी काय केलं? गुलाबाचा एक रिकामा क्रेट उचलला, वळणावर डाळिंबाखाली पालथा घातला आणि छत्री उघडून त्यावर बसले. मी काच खाली करून ओरडले, "बाबा, जाळी!" त्यांनी हातानंच, चालू दे, अशी खूण केली. मला असा संताप आला की सांगता सोय नाही. घर बुडायला आलंय आणि हा माणूस नाटकाला आल्यासारखा बसलाय.

त्या संतापातच मी पहिली फेरी मारली. दुसऱ्या फेरीला मी चुकले. ढीग डावीकडे जाऊ लागला, म्हणजे थेट जाळीकडे. माझ्या लक्षात आलं तेव्हा आरशात बाबा दिसले. त्यांचं तोंड उघडलं होतं. मी गाडी मागे घेतली, पातं उजवीकडे वळवलं आणि सगळा ढीग दगडांच्या मोकळ्या उतारावर नेऊन टाकला. पुन्हा पाहिलं तर बाबांचं तोंड मिटलं होतं. अकरा वर्षांत या माणसानं माझ्या बाबतीत उघडलेलं तोंड न बोलता मिटलं असं हे पहिल्यांदा झालं.

पन्नास मिनिटांत फाटकापर्यंत रस्ता काळा दिसू लागला. पाणी जाळीतून खळाळत गेलं. गुलाबाची सातही खाचरं जागच्या जागी. वरच्या गच्चीतून पाहुण्यांनी माझे व्हिडिओ काढले, म्हणजे आता मीही कुणाच्या तरी नवऱ्याचा दाढीवाला झाले असणार.

कफील आला. सगळा रस्ता वरून खालपर्यंत पायी उतरला, पुन्हा चढला आणि बाबांच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला, "माशाल्ला. बाग तुमचीच. तुझा इकामा आणखी दोन वर्षं मी वाढवतो." मी गाडीतून उतरत होते. ऐकलं आणि पाय तिथेच थबकले, इतकं बरं वाटलं.

बाबा त्यांच्या नाशिकच्या उच्चारातल्या अरबीत म्हणाले, "इकामा नको. मला खुरूज दे."

खुरूज म्हणजे कायमचं परत जायचं. कफीलला वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. बाबांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, माझ्याकडे बोट करून. गेल्या वर्षी गेलो असतो तर बाग उघडी टाकून गेलो असतो. आता ही आहे. कफील आपल्या पांढऱ्या स्वच्छ झग्यानिशी त्या ओल्या जमिनीवर बाबांच्या शेजारी बसला, आणि दोघं कितीतरी वेळ गुलाबांकडे बघत राहिले.

मी मात्र घरी जाऊन थयथयाट केला. वर्षभर मरमर केली ती कशासाठी? हा माणूस इथे राहावा म्हणून. मी यंत्र निवडलं, मी शिकले, मी रस्ता साफ केला, आणि मीच त्यांची वाटसुद्धा साफ करून दिली. मी रडत होते, आणि रडताना वाईट दिसते हे माहीत असल्यामुळे आणखी चिडले होते. आई कणीक मळत होत्या. मळता मळताच म्हणाल्या, "हे हरून घरी आले असते ना, तर मरेपर्यंत त्या फ्लॅटमध्ये बसून मला गुलाबाचं रडगाणं ऐकवलं असतं. बाग भरवशाच्या हातात गेल्याशिवाय हे हलणार नव्हते. मग मी काय करायचं होतं? त्या लाल खेळण्यावर तुम्हाला बाग बुडवू द्यायची?"

मी रडायची थांबले. तेवीस वर्षं कामात तोंड न घालणारी ही बाई त्या दिवशी किराणा आणायला आलीच नव्हती. मला हसू आलं, आणि मग पुन्हा रडू आलं. आईंनी कणकेच्या हातानंच मला जवळ घेतलं.

जूनमध्ये दोघं गेले. नाशिकच्या फ्लॅटला पडदे लागले. बाबा फोनवर रोज विचारत, मी रोज सांगे, सगळं ठीक आहे. खरंच सगळं ठीक असे. हळूहळू त्यांचे फोन छोटे झाले. "बरं," म्हणायचे आणि आईंकडे द्यायचे.

या वसंतात पुन्हा गारा पडल्या. पंचेचाळीस मिनिटांत रस्ता मोकळा झाला, गुलाबाचं पानसुद्धा हललं नाही. मी गाडीतच बसून बाबांना फोन लावला आणि सांगितलं की माझ्या हातून घोटाळा झाला, ढीग जाळीवर गेला आणि तिसऱ्या खाचरातल्या दोन ओळी मोडल्या. पलीकडून जी गाडी सुटली ती अर्धा तास थांबली नाही. डोळे कुठे होते तुझे, कितीदा सांगितलं होतं, उतारावर पातं कसं धरायचं, अक्कल गहाण ठेवली होती का. मी खिडकी खाली केली, पाय पसरले आणि मधूनमधून "हो बाबा, चुकलं बाबा," म्हणत सगळं ऐकून घेतलं. वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं.